लाल डबा दिसला की उपसला!

हसू नका. मागच्या बाकावरच्यांनीही नाही.

काल दुपारी वर्कशॉपमध्ये ड्राइव्हच्या पॅनेलमधून मूठभर धूर निघाला. तुमच्यातल्या एका शूरवीराने भिंतीवरचं सहा किलोचं एबीसी पावडरचं सिलिंडर उपसलं आणि अख्खं पॅनेलमध्ये रिकामं केलं. कॉन्टॅक्टरचं एक टोक सैल होतं, ते तापलं, इन्सुलेशन जळलं, एवढीच भानगड. मेन स्विच पाडला असता तर निम्मं काम तिथेच झालं असतं. अकरा जण उभे होते, आणि स्विचला हात कुणाचा? कुणाचाच नाही. एक मात्र व्हिडिओ काढत होता.

ती पिवळसर पावडर कशाची, सांगा बरं. गप्प? अरे, घरी कपाशीला ठिबकमधून १२-६१-०० सोडता ना? तेच ते, मोनो अमोनियम फॉस्फेट. डब्यात गोळा होऊ नये म्हणून त्याला सिलिकॉनचा लेप देतात, पण तापलेल्या तांब्यावर तो लेप कितीसा टिकणार? गरम भागावर पडलं ते वितळून चिकटलं. उरलेलं कार्डांवर, रिलेच्या टोकांवर, पंख्याच्या बेअरिंगमध्ये बसलंय. दमट हवा लागली की ते ओल धरेल आणि तांबं हिरवं पडेल. म्हणजे आगीने एक कॉन्टॅक्टर खाल्ला आणि तुम्ही सगळं पॅनेल खाल्लंत. वर मला म्हणे, ‘सर, विझली की!’

दाराशी साडेचार किलोचा सीओटू उभा होता. तो वायू वीज वाहून नेत नाही, मागे कण ठेवत नाही. आधी वीज तोडायची, मग पॅनेलच्या जाळीतून तो आत सोडायचा. वीज तोडल्यावरही ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं भार राहतो, म्हणून लगेच हात घालायचा नाही. आणि सीओटूचा भोंगा धरायचा नाही. उणे ७८ अंशांचा बर्फ सुटतो त्यातून, कातडी भोंग्याला चिकटेल. केबलच्या खंदकात सीओटू मारून लगेच आत उतरणाऱ्याला तर मी आताच हात जोडतो. तो वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. हवेत दहा टक्के झाला तरी माणूस मिनिटांत आडवा होतो, आणि आग विझवायला साधारण चौतीस टक्के लागतात. हिशेब तुम्हीच करा.

आता एक हुशार म्हणेल, मग सगळीकडे सीओटूच लावू. लाव. मानवतच्या, सेलूच्या एखाद्या जिनिंगमध्ये जाऊन लाव. डबल रोलरमध्ये खिळा सापडला, ठिणगी पडली, रुईच्या ढिगाला लागली. तू सीओटूचा झोत मारलास की जळती रुई उडून शेजारच्या ढिगावर बसेल. ज्वाळा दिसेनाशी होईल, तू चहाला जाशील, आणि आतली ठिणगी हवा लागताच पुन्हा धरेल. सीओटू आग गुदमरवतो, निववत नाही. कापूस निववायलाच लागतो. तिथे पाणीच, पण फवाऱ्याने. कच्च्या रुईवर मेणाचा थर असतो, नुसतं पाणी ओघळून जातं, म्हणून ओलावा आत मुरवणारं द्रव्य त्यात मिसळतात. त्याआधी पंखा आणि कन्व्हेअर बंद. नाहीतर पाइपच जळता कापूस खेचून प्रेसपर्यंत नेईल.

गाठ जळत असेल तर ती उघड्यावर ओढायची, पट्ट्या तोडायच्या, पोट फोडून भिजवायची. १७० किलोच्या दाबलेल्या गाठीत आग उंदरासारखी बीळ करते. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या पोटात हेच झालं. कापसाच्या हजारो गाठी होत्या आणि जवळच दारूगोळा. आग धुमसतेय कुठे ते सापडेना. नुसतंच पाणी ओतत राहिले, शेकडो टन. दुपारी चारनंतर स्फोट झाला. साठच्या वर अग्निशामक जवान गेले. दर १४ एप्रिलला फायर सर्व्हिस डे असतो तो त्यांच्यासाठीच, फोटो काढायला नव्हे.

तेलाला वेगळा न्याय. ट्रान्सफॉर्मरच्या पेटत्या तेलावर बादलीभर पाणी टाकाल तर त्या पाण्याची सुमारे सतराशेपट वाफ होईल आणि जळतं तेल तुमच्या तोंडावर येईल. साचलेल्या तेलावर फोम, तोही वीज तोडल्यावर. मोठ्या ट्रान्सफॉर्मरला बारीक, जोरदार फवाऱ्याची यंत्रणा बसवतात ती वेगळी. ती बघून बादली उचलू नका. सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये हेक्झेन असतं. त्याची वाफ जमिनीलगत सरपटते. तिथे विझवण्याची अक्कल ठिणगी पडण्याआधी दाखवायची, नंतर नाही.

आणि ते मोबाईलवरचं ज्ञान! परवा एकाने वहीत लिहिलं, ‘क्लास सी म्हणजे विजेची आग.’ अमेरिकेत. आपल्याकडे सी म्हणजे गॅसची. विजेला आपल्या मानकात वेगळं अक्षरच नाही. वीज तोडली की खाली जे जळतंय त्याच्या वर्गाने विझवायचं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणत मिरवता, मग डब्यावरचं लेबल तरी परभणीत वाचा की.

सर्व्हरच्या खोलीसाठी हॅलॉन लिहिणाऱ्या महाशयांनी उभं राहावं. ओझोनपायी त्याचं उत्पादन आपल्या देशात केव्हाच बंद झालंय. तुझं पुस्तक कितव्या आवृत्तीचं, बाबा? आता एफएम-२००सारखे वायू येतात, तेही खोली बंद असली तरच. खिडकी उघडी ठेवून गॅस सोडणं म्हणजे गोणीत पाणी भरणं.

बस खाली. कालचा शूरवीर कुठे आहे? मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम घे. पॅनेल बंद आहे, मी स्वतः टेस्टर लावून पाहिलंय. एकेक कार्ड काढ, झटक, पुसून ठेव. हवेचा झोत मारायचा नाही, पावडर अजून आत जाईल. व्हिडिओवाल्या, तू दाराजवळचा सीओटू काट्यावर ठेव. त्याला गेज नसतं, वजनावरूनच कळतं. भरलेल्या गॅसपैकी दहा टक्क्यांपेक्षा जास्त घट आली, तर तो रिकामा समजून भरायला पाठवायचा. सिलिंडरवरचा आकडा आणि काट्याचा आकडा, दोन्ही माझ्या टेबलावर आण.