सरपंचांना ‘काहीतरी करा ना’, आजीला ‘उपरोक्त विषयास अनुसरून’

गप्प बसा सगळे आणि नीट ऐका. दहावीला आलात, बोर्डाची परीक्षा तोंडावर आहे, आणि वह्यांत हे काय लिहून ठेवलंय?

नळाला पाणी येत नाही म्हणून सरपंचांना अर्ज लिहायचा होता. निम्म्या वर्गाने लिहिलंय, ‘सर, पाणीच येत नाय, काहीतरी करा ना.’ कोणत्या वस्तीत येत नाही? कधीपासून? आधी तक्रार केली होती का? एका शब्दाने सांगितलेलं नाही. दिनांक नाही, विषय नाही, काहींची तर खाली सहीसुद्धा नाही. हा कागद आवक नोंदवहीत चढवताना कारकुनाने विषय म्हणून काय लिहायचं? उद्या ‘आम्हाला कोणी कळवलंच नाही’ असं कार्यालयाने म्हटलं, तर तारखेचा अर्ज आणि त्याची पोच एवढंच तुमच्या हातात असणार आहे. 1964च्या राजभाषा अधिनियमाने राज्यकारभाराची भाषा मराठी केली. तुमच्या भाषेत दाद मागायची सोय झालेली असताना तुम्हाला धड एक अर्ज लिहिता येऊ नये?

आणि दुसऱ्या प्रश्नात काय दिवे लावलेत! आजारी आजीला पत्र, तर म्हणे ‘आपल्या प्रकृतीबाबत माहिती प्राप्त झाली.’ आजी काय तहसीलदार आहे? गुडघा दुखायचा थांबला का, रात्री झोप लागते का, मी शनिवारी येतोय, असं लिहायला काय झालं होतं? जिच्या मांडीवर बोलायला शिकलात, तिच्याशी असं बोलता?

आता शेवटच्या बाकावरचे उभे राहा. काल मधल्या सुट्टीत तुमच्याच वर्गातला एक जण ‘व्हतं’ म्हणाला म्हणून फिदीफिदी हसत होतात ना? सुट्टीत मित्रांशी घरच्या बोलीत बोलला, यात त्याचं काय चुकलं? ती अशुद्ध भाषा नव्हे. त्याच्या अर्जात विषय आहे, तारीख आहे, मागणी आहे. तुमच्या अर्जात काय आहे?

जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगाला निवेदन दिलं ते इंग्रजीत, कारण वाचणारा इंग्रज सरकारचा शिक्षण आयोग होता. पुढच्याच वर्षी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो मराठीत, आणि लोकांना वाचून दाखवला. लिहिण्याआधी वाचणारा कोण हे त्यांनी पाहिलं. तुम्ही पाहिलंत?

वह्या घ्या. अर्ज पुन्हा, आजीचं पत्रही पुन्हा. उद्या पहिल्या तासाला दोन्ही टेबलावर हवीत. हसणाऱ्यांनी त्या ‘व्हतं’ म्हणणाऱ्याची वही मागून घ्या, त्याचा अर्ज वाचा आणि मगच लिहायला बसा.