घरचा सामना

९ ऑक्टोबर २०२२ रोजी लंडनच्या टॉटनहॅम स्टेडियमवर ग्रीन बे पॅकर्स या संघाचा ‘घरचा’ सामना झाला. ग्रीन बे हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातले लाखभर वस्तीचे गाव. लंडनपासून सहा हजार किलोमीटरांहून दूर. तरी कागदोपत्री यजमान पॅकर्सच. आपल्याच संघाचा घरचा सामना पाहायला विस्कॉन्सिनची माणसे डोक्यावर चीजच्या तुकड्यासारख्या पिवळ्या टोप्या चढवून अटलांटिक ओलांडून गेली, आणि न्यूयॉर्क जायंट्सकडून २७-२२ असा पराभव पाहून परतली.

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. २००७ पासून ती लंडनला सामने भरवते आहे. तिच्या ३२ संघांपैकी तिथे सगळ्यात शेवटी गेले ते पॅकर्स. हंगामात वाट्याला येणाऱ्या आठ घरच्या सामन्यांपैकी एकही सोडायची त्यांची तयारी नव्हती. २०२१ मध्ये हंगाम सतरा सामन्यांचा झाला आणि काही वर्षी नववा घरचा सामना मिळू लागला, तेव्हा कुठे ते राजी झाले. या हट्टाला कुणी गावंढळपणा म्हणेल. मला तो या सगळ्या व्यवहारातला शहाणपणाचा भाग वाटतो.

कारण या संघाला मालक नाही. १९२३ पासून तो लोकांनी समभाग घेऊन चालवला आहे. आज पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. या समभागावर लाभांश नाही, तो नफ्याने विकता येत नाही. व्यवहारी माणसाने हात लावू नये असा कागद. २०२१ च्या अखेरीस तो ३०० डॉलरला पुन्हा विक्रीला आला तेव्हा अमेरिका आणि कॅनडा सोडून बाहेरच्या कुणालाही घेता येत नव्हता. हंगामी तिकिटांच्या प्रतीक्षायादीत लाखाहून जास्त नावे आहेत. काही घरांत मूल जन्मले की त्याचे नाव तिथे नोंदवतात. लॅम्बो फील्ड या मैदानाभोवतीची घरे सामन्याच्या दिवशी आपल्या अंगणातल्या हिरवळीवर पैसे घेऊन गाड्या लावू देतात. घरच्या सामन्यांच्या या आठ-नऊ दिवसांवर गावातली हॉटेले, पेट्रोलपंप, खाणावळी बरीचशी कमाई करून घेतात. त्यातला एक दिवस लंडनला दिला तर गावाच्या घरखर्चातच भोक पडते.

अशा गावात परदेशातून कुणी सामना पाहायला जातो, तो काय पाहायला जातो? खेळ टीव्हीवरच चांगला दिसतो, यात वाद नाही. तीन तासांहून लांबलेल्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम अकरा-बारा मिनिटे. उरलेला वेळ घोळके करून उभे राहण्यात, पंचांच्या शिट्ट्यांत आणि जाहिरातींत जातो. पडद्यावर ही पोकळी तज्ज्ञांची बडबड आणि फेरचित्रणे भरून काढतात. मैदानात ती माणसांनीच भरावी लागते. म्हणून तिथे सामना सुरू होण्याच्या कितीतरी आधी गाड्यांच्या तळावर शेगड्या पेटतात, सॉसेज भाजले जातात, अनोळखी माणसाच्या हातात कागदी ताटली दिली जाते. आपल्या नाशिकच्या गंगापूर रोड-कॉलेज रोडवरचे आईवडील मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने राहायला गेले आणि एखाद्या रविवारी त्यांना स्टेडियमवर नेले, तर ‘डाऊन’ म्हणजे काय आणि दहा यार्डांची ही रखडपट्टी कशासाठी, हे त्यांना शेवटपर्यंत कळत नाही. दारावर पारदर्शक नसलेली मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत, याचा आईला राग येतो. पण त्या तळावर कोण कुणाचे आहे हे त्यांना लगेच कळते. पाहुण्याला घर ओळखायला घराची भाषा यावी लागत नाही.

परदेशी चाहत्याची खरी जागा पाहुण्याची आहे, असे मला म्हणायचे आहे, आणि ती जागा कमीपणाची नाही. तो लांबून येतो, खर्च करतो, थंडीत कुडकुडतो आणि एका गावाचे आपल्या संघाशी असलेले नाते तीन तास शेजारी बसून पाहतो. त्यात थोडा वाटाही मिळवतो. पण हे नाते तिथे असावे लागते. पाहुण्याला यजमान हवा.

लीगला मात्र पाहुणा नको, गिऱ्हाईक हवे. लंडननंतर २०२२ मध्ये म्युनिक, २०२४ मध्ये साओ पाउलो, २०२५ मध्ये डब्लिन, बर्लिन, माद्रिद. याच्या बाजूचा युक्तिवाद हलका नाही. म्युनिकमधल्या शाळामास्तराला विस्कॉन्सिनचे विमान परवडत नाही. त्याने जन्मभर पडदाच पाहावा का? म्युनिकच्या पहिल्या सामन्याला जवळजवळ ७० हजार माणसे होती आणि त्यांनी मिळून अमेरिकन गाणी म्हटली, तो आनंद खोटा नव्हता. पण अशा सामन्यांची गर्दी नीट पाहिली तर तिच्यात खेळणाऱ्या दोन नव्हे, सगळ्या ३२ संघांचे गणवेश दिसतात. लोक एका संघासाठी आलेले नसतात, लीगसाठी आलेले असतात. सगळेच पाहुणे, पाणी विचारायला घरचे कुणी नाही.

आपल्या क्रिकेटनेही हे करून पाहिले आहे. जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या नॅसॉ काउंटीत विश्वचषकासाठी ३४ हजार माणसांचे तात्पुरते स्टेडियम उभारले. फ्लोरिडात वाढवलेल्या खेळपट्ट्या ट्रकमधून आणून बसवल्या. भारत-पाकिस्तान सामन्यात भारत सहा धावांनी जिंकला, आणि स्पर्धेतले तिथले सामने उरकल्यावर गॅलऱ्या उचलून नेल्या. त्या मैदानावर १२ जूनला जे घडले ते मात्र कुठल्याही आयोजकाला ठरवून घडवता आले नसते. मुंबईत वाढलेला, २०१३ मध्ये मुंबईकडून रणजी खेळलेला, मग शिकायला कॉर्नेलला जाऊन अमेरिकेत संगणक अभियंता झालेला सौरभ नेत्रावळकर अमेरिकेकडून गोलंदाजीला आला आणि त्याने कोहलीला तो खेळलेल्या पहिल्याच चेंडूवर, मग रोहित शर्माला बाद केले. गॅलरीतल्या मराठी माणसाने टाळी वाजवायची की कपाळाला हात लावायचा? पाहुणा कोण आणि घरचा कोण, हे त्या दोन चेंडूंपुरते कुणालाच सांगता आले नसते. भारताने सामना जिंकला, तरी लोकांच्या लक्षात राहिला तो सौरभ.

अमेरिकन फुटबॉल भारतात रुजवायचाही प्रयत्न झाला. ईएफएलआय नावाची लीग २०११ मध्ये जाहीर झाली, माइक डिटकांसारखे अमेरिकेतले नामवंत तिच्यामागे उभे राहिले, ‘पुणे मराठाज’ नावाचा संघही निघाला. ती मूळ धरू शकली नाही याचे नवल नाही. नाव गावाचे होते, पण त्या गावाने संघासाठी कधी काही केलेले नव्हते, संघाने गावासाठी नाही. पडद्यासाठी जन्मलेली गोष्ट पडद्याबरोबर विझली.

यावर हसण्याआधी आपल्या दाराकडे पाहिलेले बरे. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. सहा संघ, त्यांत आपला ईगल नाशिक टायटन्स. सामने सगळे पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर. कोल्हापूर, रत्नागिरी, नाशिक, सगळ्यांनी आपला संघ पाहायला गहुंजेला जायचे. नाशिकहून ते दोनशे किलोमीटर, तेही चाकण-खेडच्या वाहतुकीतून. २०११ च्या जनगणनेनुसार १४.८६ लाख लोकसंख्येच्या शहराचा हा संघ, आणि त्याचा घरचा सामना म्हणून काही नाहीच. नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा कुणी सोयीसाठी गहुंजेला हलवत नाही.

कारणे आहेत, ती मान्य केली पाहिजेत. लीग जूनमध्ये असते, नाशिकला तेव्हा पावसाची चाहूल लागलेली असते, आणि गहुंजेसारखे प्रकाशझोत व प्रेक्षकांची सोय इथे नाही. पण गहुंजेलाही पाऊस सोडत नाही. आणि नाशिकला यजमानपण नवे नाही. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना झाला. (ज्या कान्हेरेंनी १९०९ मध्ये विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, त्यांच्या नावाच्या मैदानाला नाशिककर आजही गोल्फ क्लब म्हणतात, जॅक्सनसाहेबाला त्यात काय समाधान मिळायचे ते मिळो.) जानेवारीत इथली हवा थंड असते, द्राक्षे उतरू लागलेली असतात. बाहेरगावच्या क्रिकेटवेड्याला बोलवायला याहून बरा महिना कोणता?

मार्ग पॅकर्सनीच दाखवून ठेवला आहे. १९३३ पासून १९९४ पर्यंत, पैशाची चणचण असल्यामुळे, ते दर हंगामात काही घरचे सामने १९० किलोमीटर लांबच्या मिलवॉकी शहरात खेळत. पुढे सगळे सामने गावी परत आणले, तेव्हा मिलवॉकीच्या जुन्या तिकीटधारकांना वाऱ्यावर सोडले नाही. हंगामातले दोन सामने आजही त्यांच्यासाठी राखलेले असतात आणि ती माणसे ते पाहायला ग्रीन बेला जातात. आपल्याकडे अंतर जवळपास तेवढेच आहे, दिशा उलटी: इथे गावच संघामागे बाहेर जाते. नाशिक टायटन्सचे दोन सामने दिवसाउजेडी गोल्फ क्लबवर खेळवावेत, पाऊस आलाच तर एक वाहून जाईल. पाठीराखे पुण्याहून इकडे आले, तर त्यांच्या गाड्या कुठे लावायच्या हा प्रश्न पडेल, आणि मैदानाशेजारी अंगण असलेला एखादा नाशिककर तो पैसे घेऊन सोडवील.