मुलकी आणि लष्करी

क्रेग ॲटकिन्सन यांचा, अमेरिकी पोलिसांच्या लष्करीकरणावरचा ‘डू नॉट रेझिस्ट’ हा २०१६ सालचा अनुबोधपट पाहिल्यानंतर, पोलीस-खात्यातून निवृत्त झालेले दादासाहेब आणि फौजदारी वकिली करणारे नाना यांच्यात जो वाद जुंपला, त्याचा हा सारांश. विषय अमेरिकेचा असल्यामुळे निःपक्षपाती राहणे दोघांनाही थोडे स्वस्तात पडले, हे आधीच सांगितलेले बरे.

दादासाहेब : चित्रण प्रभावी आहे, परंतु पुरावा म्हणून मी ते दाखल करून घेणार नाही. दक्षिण कॅरोलायनातील एका घरावर हत्यारबंद पथक चालून जाते, खिडक्या फुटतात, आणि एवढ्या खटाटोपानंतर एका पिशवीच्या तळाशी चिमूटभर गांजा सापडतो, हे आपण पाहिले. पण ज्या झडत्यांत खरोखर बंदुका हाती लागल्या, त्या कोठे गेल्या?

नाना : दिग्दर्शकाचे वडील स्वतः अशाच पथकात होते. त्याला पोलिसांचा द्वेष्टा म्हणता येणार नाही.

दादासाहेब : द्वेष नसला तरी निवड असतेच. १९९७ च्या फेब्रुवारीत नॉर्थ हॉलिवूडच्या बँकेतून चिलखतधारी दरोडेखोर स्वयंचलित रायफली झाडीत बाहेर पडले, तेव्हा पिस्तुले निरुपयोगी ठरलेल्या पोलिसांवर जवळच्या दुकानातून रायफली आणण्याची पाळी आली. त्या घटकेला मुलकी आणि लष्करी यांतला सूक्ष्म भेद त्यांना कोणी समजावून सांगावा?

नाना : त्या घटकेविषयी माझी फिर्याद नाहीच. १८७८ च्या कायद्याने ज्या देशाने आपल्या सैनिकाला मुलकी बंदोबस्तापासून दूर ठेवले, त्याच देशात सैनिकाची जादा ठरलेली चिलखती गाडी मात्र पोलीस ठाण्याच्या आवारात येऊन उभी राहते, हे विपरीत आहे. ओबामांनी २०१५ साली या देवघेवीवर निर्बंध घातले, ट्रम्प यांनी २०१७ साली ते उठवले. सामग्रीची यादी बदलत राहिली. पण चित्रपटात मला अधिक बोचला तो पोलिसांना शिकवणाऱ्या डेव्ह ग्रॉसमन यांचा वर्ग. आपण योद्धे आहोत, हे ज्याच्या मनावर नित्य ठसविले जाते, त्याला समोरच्या रयतेत शत्रू दिसू लागला तर नवल कसले?

दादासाहेब : मग या चित्रपटाने निराळे काय केले? पोलीस सर्वांत घातकी घर डोळ्यांसमोर ठेवून प्रत्येक घरात शिरतो, आणि हा दिग्दर्शक सर्वांत निंद्य झडती दाखवून प्रत्येक झडतीविषयी आपले मत बनवतो. दोष एकच.

नाना : दोष एकच, हे कबूल, समीक्षकांनी तो दाखविलाच पाहिजे. परंतु मी चित्रपट अर्धवट सोडून उठू शकतो, आपल्याशी भांडू शकतो. ज्याचे दार फोडले गेले, त्याची हरकत ऐकली जाईल ती पुढे कधीतरी, कचेरीत, आणि तीही तो जिवंत राहिला तर.

दादासाहेब : चित्रपटातल्या कॉन्कॉर्ड शहराच्या नगरसभेत तर चिलखती गाडी घेण्याला लोकांनी आधीच हरकत घेतली. एक निवृत्त लष्करी अधिकारीसुद्धा विरोधात बोलला.

नाना : बोलला, आणि गाडी मंजूर झाली.

दादासाहेब : ती मंजूर करणारे लोकांनीच निवडून दिलेले सभासद होते, नाना. त्यांच्यावर आपण कोणते कलम लावणार?