पूर्वराग आणि मान: प्रणयविनोदी चित्रपटाचा तत्त्वविचार

प्रणयविनोदी चित्रपट, म्हणजे रोजच्या बोलण्यात ज्याला ‘रोमँटिक कॉमेडी’ म्हणतात तो प्रकार, रहस्यपटाच्या नेमका उलट असतो, कारण त्याचा शेवट प्रेक्षकाला तिकीट काढतानाच ठाऊक असतो. नायक-नायिका भेटणार, भांडणार, दुरावणार आणि अखेरीस एकत्र येणार, हे माहीत असूनही प्रेक्षक तो पाहतो आणि कित्येकदा तोच चित्रपट पुन्हा पाहतो. तेव्हा त्याची मोहिनी पुढे काय घडणार या उत्सुकतेत नसून प्रेमाविषयीच्या एका धारणेत असली पाहिजे. ती धारणा कोणती आणि विचाराच्या कसोटीवर ती कितपत टिकते, हा प्रश्न करमणुकीपुरता मर्यादित नाही, कारण सुख ही एकदा घडणारी घटना आहे की रोज करावी लागणारी साधना, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्नच त्यात वेष पालटून येतो.

या प्रश्नाची मांडणी करण्यासाठी लागणारी परिभाषा संस्कृत काव्यशास्त्रात तयार आहे. 14व्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त विप्रलंभ शृंगाराचे, म्हणजे प्रेम आहे पण मीलन नाही अशा शृंगाराचे, पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी पूर्वराग म्हणजे मीलनाच्या आधी, केवळ पाहण्याने किंवा ऐकण्याने जडलेली ओढ. आणि मान म्हणजे प्रेम जुळल्यानंतर, माणूस शेजारीच असताना, रुसव्यामुळे किंवा मत्सरामुळे पडलेले अंतर. दोन्हींत विरह आहे, पण पूर्वरागातला विरह मीलनाने संपतो, तर मानातला विरह मीलनातूनच जन्मतो. प्रणयविनोदी चित्रपटाची बहुतेक सगळी दौलत पूर्वरागातून आलेली आहे आणि त्याचे मूळ वैगुण्यही तेथेच आहे. मात्र या प्रकारातले जे चित्रपट दशकानुदशके टिकले, ते पूर्वरागाच्या कथेत मान चोरपावलांनी आणतात म्हणून टिकले, असे दिसते.

प्रथम मोहिनीचा विचार करावा लागतो. शृंगारातून हास्य उपजते असे भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त म्हटले आहे, आणि हा संबंध केवळ वर्गीकरणाच्या सोयीसाठी जोडलेला नाही. प्रेमात पडलेला माणूस स्वतःविषयी बाळगलेल्या प्रतिमेला सतत मुकत असतो. तो अडखळतो, नको ते बोलून जातो आणि स्वतःच्याच निश्चयाविरुद्ध वागतो. हसे होणे म्हणजे अहंकाराचा पराभव होणे. पण या हास्यात पराभूत होणारा माणूस दुखावला जात नाही, उलट तो प्रेमास पात्र ठरतो. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्समध्ये मिनँडरने आणि पुढे रोममध्ये प्लॉटस व टेरेन्स यांनी लिहिलेल्या सुखात्मिकांत प्रेमिकांच्या आड येणारी भिंत बहुधा बाहेरची असे: हट्टी बाप, पैसा किंवा कुळ. आधुनिक प्रणयविनोदाने ही भिंत पात्रांच्या मनात नेली. अडसर आता आपल्या वेगळेपणाला घट्ट धरून बसलेल्या ‘अहं’चा असतो, आणि तो बापाच्या संमतीने नव्हे तर हसण्यानेच ढासळू शकतो.

फ्रँक काप्रा यांच्या 1934 सालच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ या चित्रपटात ही भिंत अक्षरशः दिसते. घरातून पळालेली श्रीमंताची मुलगी आणि नोकरी गेलेला वार्ताहर यांना प्रवासात एका खोलीत रात्र काढावी लागते, तेव्हा तो दोन खाटांच्या मध्ये दोरी बांधून तिच्यावर घोंगडी टाकतो आणि बायबलमधील कथेच्या आधाराने तिला जेरिकोची तटबंदी म्हणतो. ती कथा अशी की इस्राएली लोकांनी रणशिंगे फुंकताच त्या नगरीचा तट कोसळला. चित्रपटाचा खरा गाभा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उलगडतो. मुलीच्या बापाने पाठवलेले गुप्तहेर खोलीत शिरतात आणि ते दोघे, काहीही ठरवलेले नसताना, नवरा-बायकोचे कडाक्याचे भांडण सुरू करतात. तो ओरडतो, ती रडकुंडीला येऊन उलट ओरडते, आणि इतके भांडतात म्हणजे हे खरोखरचेच जोडपे असणार अशी खात्री पटून गुप्तहेर ओशाळून निघून जातात. दार लागताच दोघांना हसू आवरत नाही. लग्नाची ओळख प्रेमळ शब्दांनी नव्हे तर भांडणाच्या सुराने पटते, हा या प्रसंगातला विनोद आहे. आणि ज्यांचा पूर्वरागही अजून पुरता जागा झालेला नाही असे दोघे मान कसा असतो ते खेळून पाहतात, हे त्याचे मर्म आहे.

अमेरिकी तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हल यांनी 1981 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात 1934 ते 1949 या काळातील अशा सात हॉलिवूडपटांचा विचार केला आणि त्यांना ‘पुनर्विवाहाच्या सुखात्मिका’ असे नाव दिले. पुनर्विवाह म्हणजे येथे दुसऱ्याशी लग्न नव्हे, तर त्याच व्यक्तीला पुन्हा, आणि या खेपेस डोळसपणे, निवडणे. या चित्रपटांत दोघे एकत्र येतील का, असा प्रश्न नसतो. दुरावलेले दोघे पुन्हा एकत्र येतील का, असा असतो. कॅव्हल यांनी हा विचार कवी जॉन मिल्टन याच्या 1643 सालच्या घटस्फोटविषयक पुस्तिकेशी जोडला. विवाहाचा प्रधान हेतू संतती किंवा देहसुख नसून दोन जिवांचा सुखसंवाद हा आहे आणि तो जेथे अशक्य झाला तेथे विवाहाचा प्राण गेलेलाच असतो, असा धर्मशास्त्राच्या आधारे केलेला युक्तिवाद मिल्टनने मांडला होता. म्हणूनच या चित्रपटांतली पात्रे इतकी आणि इतक्या वेगाने बोलतात. त्यांची चुरचुरीत शाब्दिक चकमक ही प्रेमाच्या आड येणारी गोष्ट नसून तेच त्यांचे प्रेम आहे, कारण बरोबरीने भांडता येणे म्हणजे समोरच्याचे स्वतंत्र अस्तित्व मान्य करणे.

याच्या उलट बाजूचे मूळ प्लेटोच्या ‘सिंपोझियम’ या संवादात सापडते. माणसे मुळात चार हात-चार पायांची गोलाकार होती, देवाधिदेव झ्यूसने त्यांचे दोन तुकडे केले आणि तेव्हापासून प्रत्येक अर्धुक आपले उरलेले अर्धे शोधत फिरते, ही कथा प्लेटोने अ‍ॅरिस्टोफेनिस या विनोदी नाटककाराच्याच तोंडी घातली आहे. ‘एकमेकांसाठीच बनलेले’ या कल्पनेचे हे पूर्वरूप गोड असले तरी तिचे नैतिक परिणाम तितकेसे गोड नाहीत. समोरची व्यक्ती हे माझेच हरवलेले अर्धे असेल, तर तिच्या नकाराला काही अर्थ उरत नाही. तो नकार तिला स्वतःची ओळख अजून पटलेली नसल्याचे लक्षण ठरतो. नायिकेचा पिच्छा पुरवणारा नायक हिंदी-मराठी पडद्यावर इतका काळ विनोदी आणि निष्पाप वाटत आला, त्यामागे हेच तर्कशास्त्र आहे.

दुसरा परिणाम त्रयस्थाला भोगावा लागतो. अर्धुकांच्या जगात तिसरा माणूस हा केवळ चुकीचा तुकडा असतो, म्हणून त्याला वाग्दत्त वधूसकट सारे गमवावे लागले तरी कोणाला हळहळ वाटू नये अशी पटकथेची तजवीज असते. अभिनेते राल्फ बेलामी यांनी 1937 सालच्या ‘द ऑफुल ट्रूथ’मध्ये आणि 1940 सालच्या ‘हिज गर्ल फ्रायडे’मध्ये अशाच सज्जन पण कंटाळवाण्या गृहस्थाची भूमिका केली आणि दोन्ही वेळा नायिका त्यांना सोडून कॅरी ग्रँट यांच्या पात्राकडे परतली. दुसऱ्या चित्रपटात तर ग्रँट यांचे पात्र त्या गृहस्थाचे वर्णन करताना तो सिनेमातल्या राल्फ बेलामीसारखा दिसतो असे सांगते. हा विनोद चित्रपटाने स्वतःच्याच साच्यावर केलेला आहे. परंतु साच्याची थट्टा केल्याने त्या साच्यात चिरडलेल्याला न्याय मिळत नाही. एकाच्या सुखाची किंमत दुसऱ्याने चुकवायची आणि प्रेक्षकाने ती हसण्यावारी न्यायची, हा व्यवहार पुनर्विवाहाच्या थोर सुखात्मिकांनाही टाळता आलेला नाही.

सर्वांत खोल वैगुण्य मात्र काळासंबंधीचे आहे. डॅनिश तत्त्वचिंतक सोरेन किर्केगॉर याने 1843 सालच्या ‘आयदर/ऑर’ या ग्रंथात एका न्यायाधीशाच्या पत्रांतून असे मांडले आहे की प्रेमिकांनी असंख्य संकटे ओलांडून एकमेकांना मिठी मारली की कादंबऱ्या संपतात, वास्तविक तेथे त्या सुरू व्हायला हव्यात. जिंकणे क्षणात दाखवता येते, म्हणून कलेला ते रुचते. मिळालेले जपणे काळात पसरलेले असते आणि त्याचा कोणताही एक क्षण घेतला तरी त्यात विशेष काही दिसत नाही. पतीला राक्षसांशी लढायचे नसते, त्याची लढाई काळाशी असते, असे त्या न्यायाधीशाचे म्हणणे आहे. या विचाराच्या उजेडात काप्रांच्या चित्रपटाचा शेवट पुन्हा पाहिला तर अखेरच्या दृश्यात नायक-नायिका दिसतच नाहीत, हे ध्यानात येते. रात्रीच्या अंधारात खोलीबाहेर उभे राहून मालक आणि त्याची बायको या विचित्र जोडप्याविषयी बोलतात, आतून खेळण्यातल्या पिपाणीचा आवाज येतो, घोंगडी खाली पडते आणि दिवा मालवला जातो. तट कोसळला हे कळते, तटापलीकडे नांदणे कसे असते याविषयी चित्रपट मौन पाळतो.

हे मौन संधी चालून आली तरी सुटत नाही. रॉब रायनर यांनी दिग्दर्शित केलेल्या, नोरा एफ्रन यांनी लिहिलेल्या ‘व्हेन हॅरी मेट सॅली’ या 1989 सालच्या चित्रपटात अधूनमधून वृद्ध जोडपी कोचावर बसून कॅमेऱ्याशी बोलतात. संसारात मुरलेली माणसे समोर बसली असताना त्यांची बहुतेक हकिकत ‘आम्ही कसे भेटलो’ एवढ्याभोवतीच फिरते. मधली वर्षे कशी गेली, याबद्दल ती फारसे सांगत नाहीत. तरीही अखेरीस त्याच कोचावर बसलेले हॅरी आणि सॅली आपल्या लग्नातल्या केकविषयी सांगतात आणि त्यावरचा चॉकलेट सॉस वेगळा दिलेला होता याचा दोघेही आवर्जून उल्लेख करतात. प्रत्येक पदार्थातला प्रत्येक घटक वेगळा मागण्याची सॅलीची खोड प्रेक्षकाने सुरुवातीपासून पाहिलेली असते. जी खोड एके काळी हॅरीला तापदायक वाटे, ती आता त्याच्याही बोलण्यात आलेली असते. दुसऱ्याची न बदलणारी खोड आपलीशी करणे, एवढ्या लहान तपशिलात संसाराचा दीर्घ काळ डोकावून जातो.

काळाच्या प्रश्नाला या प्रकाराने दिलेले सर्वांत धीट उत्तर म्हणजे हॅरॉल्ड रॅमिस यांचा 1993 सालचा ‘ग्राउंडहॉग डे’. यातला आत्ममग्न हवामान-निवेदक 2 फेब्रुवारी या एकाच दिवसात अडकतो. रोज सकाळी तोच दिवस उजाडतो आणि त्याच्याखेरीज कोणालाही मागचे काही आठवत नाही. सहकारी रीटाला वश करण्यासाठी तो तिच्या आवडीनिवडी दिवसेंदिवस गोळा करतो. एका संध्याकाळी दोघे बर्फाचा माणूस करतात, मुलांशी बर्फाचे गोळे फेकत खेळतात आणि हसत हसत खाली पडतात. हा क्षण इतका सहज असतो की पुढच्या संध्याकाळी तो जसाच्या तसा घडवण्याची धडपड तो करतो, आणि आता तेच हसणे, तेच पडणे केविलवाणे दिसते. प्रत्येक रात्र तिच्या थपडेने संपते. जिवंत माणसावर यांत्रिकपणा चढला की हसू येते, असा सिद्धांत फ्रेंच तत्त्वज्ञ आन्री बर्गसाँ यांनी 1900 साली मांडला होता, त्याचे याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण आहे. सुटका होते ती त्याने डावपेच सोडून तोच दिवस लोकांच्या उपयोगी पडत जगायला सुरुवात केल्यावर. आवृत्ती म्हणजे नक्कल आणि आवृत्ती म्हणजे निष्ठा, या दोन गोष्टींतला भेद हा चित्रपट दाखवतो, आणि किर्केगॉरचा आक्षेप निदान एकदा तरी खोटा पाडतो.

मराठी परंपरेला पूर्वराग आणि मान यांतल्या भेदाची ओळख जुनी आहे. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’ या नाटकाचे मूळ मोलिएरच्या 1660 सालच्या एका प्रहसनापर्यंत जाते, आणि त्यात अश्विनशेठ-रेवती या प्रेमिकांच्या जोडीला फाल्गुनराव-कृत्तिका हे लग्न झालेले, एकमेकांवर संशय घेणारे जोडपे आहे. पूर्वराग आणि ईर्ष्येतून आलेला मान तेथे एकाच रंगमंचावर नांदतात, आणि अधिक हशा मानाच्या वाट्याला येतो. सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’ने 2010 साली दोन अनोळखी माणसांच्या एका दिवसाच्या भटकंतीत पूर्वराग सुरेख टिपला आणि 2015 व 2018 सालच्या उत्तरभागांत तीच जोडी लग्नाच्या व पालकत्वाच्या उंबरठ्यावर आणली. हे धाडस दुर्मीळ असले तरी प्रत्येक भागाला नव्या घटनेची कुबडी लागली. काहीच न घडणारा मंगळवार मात्र पडद्यावर आलाच नाही.

या मंगळवाराचे दैवत पंढरपुरात आहे, असे म्हणता येईल. राधेमुळे रुसलेली रुक्मिणी द्वारका सोडून दिंडीरवनात येऊन बसली, तिची समजूत काढायला कृष्ण मागोमाग आला आणि पुढे पुंडलिकाने भिरकावलेल्या विटेवर उभा राहिला, अशी कथा सांगतात. विठ्ठल आणि रुक्मिणी यांची गर्भगृहे एकाच मंदिरात असूनही वेगवेगळी का, याचा उलगडाही लोक त्या रुसव्यानेच करतात. स्वयंवराची, हरणाची आणि मीलनाची कथा मागे टाकून येथे देवाची ओळख रुसलेल्या पत्नीपाठोपाठ आलेला नवरा अशी ठरली आहे, आणि तो रुसवा मिटवून टाकण्याऐवजी परंपरेने तो दगडात जपला आहे. प्रणयविनोदी चित्रपटाची पारख करायची तर शेवट गोड आहे की कडू, ही कसोटी अपुरी पडते. गुप्तहेरांना चकवण्यासाठी मांडलेले ते खोटे भांडण हेच जोडपे वीस वर्षांनी खरेखुरे भांडू शकेल का, आणि दार लागल्यावर त्यांना तसेच हसू येईल का, हे चित्रपट पाहताना सुचते की नाही, यावर त्याची योग्यता ठरवावी लागते.