आकाशांतील जीव आणि खरी साक्ष

वैशाखांत आम्हां खानदेशकरांच्या बाजा अंगणांत येतात. तेव्हां चांदण्यांकडे पाहून लेंकरें विचारितात, "तेथें कोणी राहत असेल काय?" हा प्रश्न पोरकट नाहीं. कोल्हापुरांत जन्मलेले व सन २०२५ त पुण्यास निवर्तलेले ज्योतिर्विद जयंत नारळीकर यांनीं त्याचा पिच्छा पुरविला. त्यांच्या पुढाकारानें सन २००५ त हैदराबादेहून एक प्रचंड फुगा सोडण्यांत आला, आणि २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवा निर्जंतुक पोलादी नळ्यांत भरून खालीं आणिली.

वाचकहो, खरी अडचण पुढेंच आहे. नळींत पृथ्वीवरील एक जंतु जरी राहिला, तरी तोच परलोकचा पाहुणा म्हणून मिरवावयाचा! शिवाय वावटळीबरोबर येथली धूळ किती उंच जाते, हें कोणीं मोजावें?

सन २००९ त निकाल प्रसिद्ध झाला. पूर्वीं कोणास ठाऊक नसलेल्या जंतूंच्या तीन जाती सांपडल्या होत्या. एकीस आर्यभटाचें व एकीस फ्रेड हॉईल यांचें नांव दिलें. हॉईल हे नारळीकरांचे गुरु. जीवाचें बीज अंतराळांतून पृथ्वीवर आलें, असें त्यांचें मत. त्या मताची द्वाही फिरविण्याची संधि हातीं आली होती. तरी संशोधकांनीं स्पष्ट लिहिलें कीं, हे जंतु पृथ्वीबाहेरचे असें यावरून निश्चित ठरत नाहीं. आपण तर शेजाऱ्याविषयीं अर्धी ऐकलेली गोष्ट विहिरीवर पुरी करून सांगतों!

लेंकरांस मी तूर्त इतकेंच सांगतों : ठाऊक नाहीं, शोध चालू आहे.