उपकार आणि अधिकार

जो आपल्यावर उपकार करतो त्यास आपणावर आज्ञा चालविण्याचा अधिकार प्राप्त होतो काय? प्रश्न जुना आहे. व्यवहारात आपण त्याचे उत्तर बहुधा न बोलता देऊन टाकतो, आणि ते 'होय' असेच असते. ज्याचे अन्न खाल्ले त्याच्या विरुद्ध उभे राहू नये, ही समजूत आपल्या रक्तात भिनलेली आहे. खुद्द भीष्मासारखा ज्ञाताही तीतून सुटला नाही. या समजुतीची परीक्षा पाहावयाची तर वाईट धन्याचे उदाहरण उपयोगी पडत नाही, कारण दुष्टाची आज्ञा झुगारणे कोणासही योग्यच वाटते. परीक्षा व्हावयाची ती भल्या माणसाच्या उदाहरणाने. तसे एक उदाहरण आमच्या मराठवाड्याच्या इतिहासात आहे.

गोदावरीच्या खोऱ्यातील चकलांब्यासारख्या गावी बसून इंग्रजाविषयी लिहावे, याचे वाचकांस किंचित नवल वाटेल. बीड जिल्ह्यावर सप्टेंबर १९४८ पर्यंत अंमल होता तो निजामाचा. इंग्रज आमच्यापुरता वरिष्ठांचा वरिष्ठ, ऐकून ठाऊक असलेला. पण या भागातील असंख्य घराण्यांची कुलस्वामिनी जी तुळजापूरची भवानी, तिच्या पायथ्याशी एक इंग्रज अधिकारी कित्येक वर्षे वावरला, आणि त्याच क्षेत्रातील एका ब्राह्मणकन्येस नायिका कल्पून त्याने 'तारा' ही कादंबरी १८६३ साली प्रसिद्ध केली. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर.

टेलरचा जन्म १८०८ साली लिव्हरपूल येथे झाला. वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी मुंबईतील एका व्यापाऱ्याच्या पेढीवर काम करण्याच्या आशेने तो इकडे आला. परंतु पेढीच डबघाईस आलेली असल्यामुळे १८२४ साली त्याने निजामाच्या फौजेत चाकरी पत्करली. कंपनी सरकारचा तो नोकर नव्हता, पाठीशी वशिला नव्हता, शिक्षणही बेताचेच होते. येथील भाषा, कायदा, जमिनीची मोजणी, स्थापत्य हे सारे तो आपल्या हिमतीवर शिकला. त्याने लग्न केले ते हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांच्या कन्येशी, जिची आजी अयोध्येकडील एक मुसलमान बेगम होती. स्वदेशी परत जाण्यापुरतेच येथे राहणाऱ्यांपैकी तो नव्हता. ऐन उमेदीची सारी वर्षे त्याने दक्षिणेत काढली. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ठगाच्या कबुलीजबाबाच्या कादंबरीने विलायतेत त्याचे नाव केले.

१८५३ साली नळदुर्ग जिल्हा त्याच्या हाती आला. तेथे त्याने जमिनीची पाहणी केली आणि रयतेस सोसेल असा सारा बसविण्याची खटपट केली. १८५७ च्या धामधुमीत त्यास वऱ्हाडात बुलढाण्याकडे पाठविण्यात आले, तेव्हा हाताशी फौज नसताना त्याने तो मुलूख शांत राखला. हा चांगुलपणा ढोंगी होता असे म्हणण्यास मला काही आधार दिसत नाही. आणि ज्या कुणब्याचा सारा हलका झाला त्याच्या दृष्टीने तो हलका करणारा गोरा की काळा, हा प्रश्न दुय्यमच होता. परक्याचे पुण्यही खोटे ठरविल्याशिवाय ज्यास स्वातंत्र्याचा कैवार घेता येत नाही, त्याचा कैवार दुबळा समजावा.

तथापि नळदुर्ग त्याच्या हाती आला कसा? निजामाकडे ठेवलेल्या इंग्रजी कवायतीच्या फौजेचा पगार थकला आणि त्या कर्जापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड, नळदुर्ग व रायचूर दुआब इंग्रजांनी आपल्या ताब्यात घेतले. हा व्यवहार आमच्या खेड्यातील माणसास समजावून सांगावा लागत नाही. सावकाराने गहाणाचे शेत ताब्यात घेतले. पुढे त्यात विहीर खणली, बांध घातले, मूळ मालकापेक्षा पीकही चांगले काढले. विहिरीचे पाणी गोड आहे हे कोणीही कबूल करील. पण तेवढ्याने शेत सावकाराचे झाले काय? आणि मूळ मालकही ते नीट कसत नव्हता, या उत्तराने प्रश्न सुटत नाही. त्या शेतात राबणाऱ्यास मात्र दोघांपैकी कोणीच विचारलेले नसते. १८६० साली नळदुर्ग निजामास परत मिळाला. तेव्हाही रयतेस कोणी विचारले नाही.

याहून कठीण प्रसंग सुरापूरचा. हे बेरड नायकांचे छोटे संस्थान. १८४१ च्या सुमारास तेथील राजा वारला, पुत्र व्यंकटप्पा नायक अल्पवयी, म्हणून कारभार टेलरकडे आला. सुमारे बारा वर्षे त्याने तो सांभाळला आणि राजा वयात येताच १८५३ साली त्याच्या स्वाधीन केला. मुलगा त्यास 'आप्पा' म्हणे. कानडीत आप्पा म्हणजे बाप. हाच व्यंकटप्पा १८५८ साली इंग्रजांविरुद्ध उठला, हरला आणि पकडला गेला. टेलर त्यास कैदेत भेटला. चिथावणी देणाऱ्यांची नावे सांगितल्यास शिक्षा सौम्य होण्याचा संभव होता. राजाने ती सांगितली नाहीत. टेलरच्या खटपटीनेही देहान्ताची शिक्षा कमी झाली, परंतु कैदेच्या ठिकाणी नेत असता वाटेतच पिस्तुलाची गोळी लागून तो तरुण मृत्यू पावला. त्यानंतर संस्थानही उरले नाही. ही हकीकत टेलरने आपल्या आत्मचरित्रात दुःखाने लिहिली आहे; आणि सावरकरांनी १८५७ वरील आपल्या ग्रंथात तीच अभिमानाने सांगितली आहे.

येथे कृतघ्न कोण? मला वाटते, कोणीच नाही. कैदेतही व्यंकटप्पाने 'आप्पा' हा शब्द टाकला नाही, म्हणजे ऋण नाकारले नाही. नाकारली ती आज्ञा. ऋण माणसाचे माणसास असते आणि ते प्रेमाने, सेवेने, प्रसंगी अश्रूंनीही फेडता येते. आपला विवेक गहाण टाकून ते फेडावे असे म्हणणारा उपकार राहत नाही, तो व्याजाचा व्यवहार होतो. भीष्माने अन्न आणि आज्ञा यांची गाठ सोडली नाही. या चोविशीच्या आतबाहेरच्या पोराने ती सोडली. टेलरचीही खरी परीक्षा त्याने बांधलेल्या रस्त्यांत किंवा बसविलेल्या साऱ्यात नव्हती. ज्याला वाढविले त्याने 'नाही' म्हटल्यावर तो काय करतो, यात होती. तो कैदेत भेटीस गेला, रदबदली केली, शोक केला. परंतु मुलाच्या 'नाही'त काही न्याय असेल काय, हा प्रश्न त्याच्या लेखणीस शिवला नाही. भल्या राज्यकर्त्याची मर्यादा ती हीच. १८७६ साली तो वारला, तेव्हा त्याची दृष्टीही गेली होती.

इंग्रज गेला, निजाम गेला. परंतु गावास रस्ता देणारा, विहीर देणारा, लग्नास मदत करणारा आणि त्याबद्दल आमचे मत, आमचे मौन मागणारा उपकारकर्ता अजून गेलेला नाही. आता तो आपल्यातलाच असतो, एवढेच. त्याच्या विहिरीचे पाणी प्यावे, त्याचे आभार मनापासून मानावेत, आणि प्रसंग येताच त्याच तोंडाने 'नाही' म्हणावे. हे दोन्ही एकाच मनात राहू शकते, हे सुरापूरच्या त्या पोराने दाखवून दिले आहे.