दिवा लागतो, मग गाडी का चालत नाही?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



या आठवड्याच्या चिंतनाचा विषय वाचून कुणाला हसू येईल. विषय आहे रिमोटची गाडी. शिरगावच्या लईराईची जत्रा असो, पेडण्याची पुनव असो की म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, खाज्याच्या पुडीबरोबर ही गाडी घरात येतेच. चार दिवस पळते, पाचव्या दिवशी थांबते. मग भुरगें रडतं. आजोबा म्हणतात, "चायनाचा माल!" बाबा म्हणतात, "तूच आपटली असशील." आणि गाडी माळ्यावर जाते. तपासलं एकानेही नाही, निकाल मात्र दोघांनी दिला.

हाच विषय का घेतला, ते सांगते. पेडणे तालुक्यातल्या आपल्या एका भगिनीने ग्रुपवर एक प्रश्न टाकला होता. तिची परवानगी घेऊनच लिहिते आहे, नाव-गाव लिहीत नाही. तिच्या सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. ही पहाटे उठून माळ ओढते, आरती करते, सत्संगाला येते तेव्हा चेहरा प्रसन्न असतो. पण दुपारी सासूबाईंनी चौथ्यांदा हाक मारली की हिचा तोल जातो, तोंडून नको ते शब्द निघतात. मग रात्री रडत बसते. तिने विचारलं होतं, "एवढं नाम घेऊनही मी अशीच. गुरुमाउलींनी माझा हात सोडला का?"

आणि आपण काय उत्तरं दिली? "ताई, श्रद्धा कमी पडते." "माळा वाढवा." "भाव शुद्ध ठेवा." सगळ्यांचा हेतू चांगलाच होता. पण म्हणजे बघा, गाडी तपासायच्या आधीच आपण निकाल दिला. म्हणून आज गाडी तपासायची रीत शिकूया.

*रिमोट गाडीला ढकलत नाही*

आधी गाडी चालते कशी ते समजून घेऊ. रिमोटचं बटण दाबलं की त्यातून रेडिओ लहरी निघतात. गाडीतली छोटी पट्टी त्या ओळखते आणि मोटारीला सांगते, पुढे जा, मागे ये, डावीकडे वळ. लहर डोळ्यांना दिसत नाही. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कोलकात्यात अशा लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने पाण्याच्या टाकीत एक लहान होडी तारेशिवाय, लांबूनच चालवली. बघणाऱ्यांना ती जादूच वाटली. आज तीच गोष्ट दोन-तीनशे रुपयांत जत्रेत मिळते.

आता नीट लक्ष द्या. लहर गाडीला फक्त दिशा देते. चाक फिरवायचं बळ गाडीच्याच पोटातल्या सेलमधून येतं. रिमोटमध्ये कितीही भारी सेल घाला, गाडीतला सेल संपला असेल तर ती जागची हलणार नाही.

गुरुकृपेचंही असंच आहे. कृपा दिशा देते, योग्य क्षणी आतून खूण करते. पण चालणारा देह आपला, त्याला जेवण लागतं, झोप लागते, माणसांचा आधार लागतो. हे सगळं काढून घेऊन "कृपेवर चाल" म्हणणं म्हणजे सेल काढून बटण दाबत बसणं. (लहरी हे विज्ञान आणि कृपा हा अनुभव. एकाने दुसऱ्याला सिद्ध करायचं नाही. दृष्टांत एका बाजूनेच लागू पडतो, तेवढ्यापुरताच घ्यावा.)

*तपासायचा क्रम*

नियम एकच, सोप्यापासून अवघडाकडे जायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सगळं एकदम बदललं तर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही.

१) सेल. ताज्या पेन्सिल सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये, जुना नव्यालाही खाली ओढतो. आता सगळ्यात फसवणारी गोष्ट ऐका. गाडीचा दिवा लागतो, म्हणून आपण म्हणतो सेल चांगला आहे. पण त्या बारीक दिव्याला साधारण २० मिलिअँपिअर प्रवाह पुरतो. मोटारीला त्याच्या दहा-वीस पट लागतो. थकलेला सेल दिवा लावू शकतो, पण मोटारीचा भार आला की त्याचा दाब कोसळतो आणि दिवाही मिणमिणतो. सेलची खरी परीक्षा भार आल्यावरच होते.

२) पत्रा आणि स्प्रिंग. आपल्याकडे मिरगापासून चवथीपर्यंत हवाच ओली. सेल आत ठेवून गाडी कपाटात टाकली की सेल पाझरतो, स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर बसतो. सेल नवा, मोटार चांगली, पण मधला स्पर्शच तुटलेला. अल्कलाइन सेल पाझरला असेल तर कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून तो थर पुसावा आणि कोरडं करावं. नुसता गंज असेल तर पॉलिश पेपरने हलकेच घासावं. हे काम मोठ्यांनी हातमोजे घालून करायचं, मुलांना देऊ नये. आणि चार्जिंगची बॅटरी फुगलेली दिसली तर ती टोचू नये, चार्ज करू नये, घरच्या कचऱ्यात टाकू नये. ती ई-कचऱ्यात द्यावी.

३) जोडणी. जुन्या पद्धतीच्या पुष्कळ गाड्या २७ मेगाहर्ट्झवर चालतात. दोन भावांना तशाच दोन गाड्या आणल्या तर एकाचं बटण दाबलं की दुसऱ्याचीही पळते. गाडी बिघडलेली नसते, ती कुणाचंही ऐकते एवढंच. नव्या २.४ गिगाहर्ट्झच्या गाड्या मात्र एकदा जोडणी झाली की आपल्याच रिमोटचं ऐकतात. जोडणी तुटली तर दोन्ही बंद करून जवळ ठेवावेत, डब्यातल्या कागदावर दिलेल्या क्रमाने चालू करावेत. लुकलुकणारा दिवा स्थिर झाला की जोडणी झाली.

४) चाक. गाडी उलटी करून आस बघा. घरभर फिरून तिच्यात केस, दोरे, वातीचा कापूस गुंडाळलेला असतो. डिचोलीच्या आमच्या भागात तर लाल धूळही. चाक जाम झालं की मोटारीला दुप्पट ओढावं लागतं आणि नवा सेलही बघता बघता उतरतो. चिमटा घेऊन सावकाश सोडवायचं. ओढून काढलं तर आसच वाकते.

५) ट्रिम. गाडी सरळ जायचं सोडून एका बाजूला ओढत असेल तर पुढच्या चाकांजवळ, खालच्या अंगाला बहुतेक वेळा एक छोटी खुंटी असते. ती जराशी फिरवायची, चालवून बघायचं, परत जराशी.

हे सगळं झाल्यावरच स्क्रू उघडायचे, सुटलेली तार बघायची. पुष्कळ गाड्या इथवर येण्याआधीच पळायला लागतात.

*आता त्या भगिनीची गाडी*

हाच क्रम लावून बघूया. जोडणी तुटली आहे का? नाही. तोल गेल्यावर तिला रात्री रडू येतं, ही आतली खूण अजून पोचते आहे याचीच निशाणी. जोडणी तुटलेल्या माणसाला टोचणी लागत नाही. तेव्हा "माउलींनी हात सोडला का" या प्रश्नाचं उत्तर तिच्याच अश्रूंत आहे. ताई, हात सुटलेला नाही.

मग सेल बघा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. घरात हे करणारं माणूस एकच. म्हणजे तीन वर्षं या बाईने सलग झोप घेतलेली नाही! पहाटे उठते, म्हणून आपण कौतुक करतो. पण रात्री किती वेळा उठली, हे विचारलं का कुणी? सत्संगात चेहरा प्रसन्न दिसतो, तो दिवा आहे. दिव्याला थोडं पुरतं. दुपारी चौथी हाक येते तो भार आहे. तिथे दाब कोसळतो, आणि आपण त्याला श्रद्धेची कमतरता म्हणतो.

मग चाक बघा. तिच्या चाकाला काय काय गुंडाळलेलं आहे? दीर-जावा पाहुण्यासारखे येतात, पंधरा मिनिटं बसतात आणि "आईला नीट बघा हं" सांगून जातात. नवऱ्याला वाटतं, हे बाईचं काम. शेजारीण विचारते, "आज ओरडलीस का गो?" हे दोरे तिने बांधलेले नाहीत. आणि तिच्या एकटीच्या हातांनी ते सुटणारेही नाहीत. उलट्या पडलेल्या गाडीची आस दुसऱ्यानेच साफ करायची असते.

आता मला सांगा, अशा गाडीला आणखी दहा माळांचा भार द्यायचा, की आधी चाक सोडवायचं?

कुणी म्हणेल, मग नामाचं काय? नाम सोडायचं नाही. नाम हीच जोडणी. ती आहे म्हणून तर ही बाई अजून उभी आहे. पण नाम वाढवायला सांगणं हे स्वतः उठून मदतीला न जाण्याचं निमित्त होत असेल, तर ते नाम सांगणाऱ्यानेच आधी घ्यावं. गुरुमाउली आपल्याला सेवा शिकवतात ती फक्त उत्सवात पानं वाढण्यापुरती नाही.

आणि ताईसाठीही एक खुंटी आहे, ट्रिमची. रागावर एकदम विजय नको. चौथी हाक आली की उत्तर द्यायच्या आधी एकदा नाम घ्यायचं आणि मगच "आलें" म्हणायचं. आज जमलं, उद्या नाही जमलं, परवा परत. खुंटी अशीच जराजराशी फिरते.

*घरोघरी हे करूया*

या रविवारी घरातली एक बंद पडलेली गाडी माळ्यावरून काढा आणि मुलांना बरोबर घेऊन वरच्या क्रमाने तपासा. मुलाला "तू मोडलीस" म्हणू नका. "कुठे अडलंय ते बघूया" म्हणा. हे वाक्य त्याच्या कानावर पडलं की मोठेपणी तो माणसांनाही तसंच बघेल.

मग घरातल्या ज्या माणसाला आपण "बिघडलेलं" ठरवलं आहे, त्याच्याकडे याच क्रमाने बघा. चिडणारी सून असेल, न बोलणारा मुलगा असेल, सगळ्यात खोट काढणारे आजोबा असतील. झोप झाली आहे का? दुखतं-खुपतं का? कुणी शेवटचं प्रेमाने कधी बोललं? चाकात काय अडकलं आहे?

तिसरी गोष्ट पेडण्याच्या केंद्रातल्या सेवेकऱ्यांसाठी. ताईच्या घरी आठवड्यातून दोन दुपारी आणि एक रात्र आळीपाळीने बसायचं ठरवूया. ज्यांना जमेल त्यांनी केंद्रप्रमुख ताईंना खाजगीत वार कळवावा, ग्रुपवर फोटो टाकू नयेत. डिचोलीहून मी पहिल्या बुधवारची दुपार घेतली आहे. आपापल्या गावातही असं एखादं घर नक्की असेल. तिथे कुणी सांगायची वाट बघू नका.

गुरुमाउलींच्या चरणी एवढीच प्रार्थना, की दुसऱ्याची गाडी अडलेली दिसली तर आमच्या तोंडी निकाल येण्याआधी हातात चिमटा येवो.

जय गुरुदेव 🙏

— आपली एक गुरुभगिनी, डिचोली